बुद्धिबळांतील मानद किताब आणि त्यांचे खरे अधिकारी

इ. स. २०२४ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २ तारखेस इस्लामाबाद येथें आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष आर्काडी द्वोर्कोविच यांनीं मियां सुलतानखान यांस ‘मानद ग्रँडमास्टर’ हा किताब अर्पण केला. किताब घेण्यास सुलतानखान स्वतः हजर नव्हते, ते इ. स. १९६६ च्या एप्रिलच्या २५ तारखेस सरगोधा येथें निवर्तले होते. पाकिस्तानचे तत्कालीन काळजीवाहू पंतप्रधान अन्वार-उल्-हक् काकर यांनीं त्यांच्या वतीनें त्याचा स्वीकार केला. ज्या पुरुषानें इ. स. १९२९ ते १९३३ या पांच वर्षांत युरोपांतील बहुतेक नामांकित खेळाडूंशीं झुंज दिली, त्यास खेळाचा श्रेष्ठ किताब मृत्यूनंतर ५८ वर्षांनीं मिळाला. हा उशिरां झालेला न्याय कीं केवळ उशिरां सुचलेलें सौजन्य, हा प्रश्न यांतून उभा राहतो. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं मानद किताब कोणास द्यावा व कोणत्या पुराव्यावर द्यावा, हें ठरविलें पाहिजे. प्रस्तुत लेखांत आम्ही तेंच करूं पाहत आहों.

किताब व त्यामागील पुरावा यांचा संबंध आमच्या वाचकांस नवा नाहीं. दमाजी गायकवाड यांनीं बाळापूरच्या लढाईंत (इ. स. १७२०) पराक्रम गाजविला व ‘समशेर बहाद्दर’ हा किताब मिळविला. पुढें तो किताब घराण्याच्या नांवाबरोबर पिढ्यानुपिढ्या चालला. पहिल्या धारकानें तो तरवारीनें कमावला, मागाहून आलेल्यांनीं तो जन्मानें घेतला. दफ्तरांत दोघांच्याहि नांवामागें अक्षरें तींच दिसतात. त्यांतील अंतर ओळखावयाचें तर किताबाच्या मागची हकीकत शोधावी लागते. बुद्धिबळाचा किताब वंशपरंपरेनें चालत नाहीं, हें खरें. तथापि कमावलेला किताब व कृपेनें आलेला किताब हा भेद तेथेंहि आहेच, आणि ‘मानद’ या विशेषणानें तो अधिकच अंधुक होतो.

खेळाडूंची प्रतवारी लावण्याची चाल बरीच जुनी आहे. बगदादच्या अब्बासी खलिफांच्या काळीं शतरंजच्या खेळाडूंचे वर्ग ठरलेले असत. सर्वांत वरच्या वर्गास ‘आलियात’ म्हणत व त्यांत एका वेळीं दोन-तीनांहून अधिक नांवें सहसा नसत. कधीं कधीं तर एकच नांव असे. खालच्या वर्गांतील खेळाडू वरच्यापेक्षां किती उणा, हें त्यास किती मोहऱ्यांची सवलत द्यावी लागते यावरून ठरे. म्हणजे वर्ग पटावर ठरत असे, दरबारांत नव्हे. खलिफा मुतवक्किल (इ. स. ८४७–८६१) याच्या समोर अर्-राझी यानें अल्-अद्ली याचा पाडाव केला, तेव्हां अल्-अद्लीचें अग्रस्थान गेलें. पुढें खलिफा मुक्तफी (इ. स. ९०२–९०८) याची मर्जी अल्-मावर्दी नांवाच्या दरबारी खेळाडूवर होती, परंतु अस्-सूली यानें त्यास हरवितांच खलिफाची मर्जी पालटली. आश्रयदात्याची कृपा खेळापुढें टिकली नाहीं, हा या कथेचा मथितार्थ. किताबांचा विचार करतांना तो आम्हीं डोळ्यांपुढें ठेविला आहे.

याच्या उलट राजकृपेनें किताब मिळाल्याची एक हकीकत आधुनिक काळांत फार पसरली आहे. इ. स. १९१४ मध्यें सेंट पीटर्सबर्ग येथें झालेल्या स्पर्धेच्या अखेरीस रशियाचा झार दुसरा निकोलस यानें लास्कर, कापाब्लांका, आलेखिन, टाराश व मार्शल या पांच जणांस ‘ग्रँडमास्टर’ हा किताब बहाल केला, असें पुष्कळ पुस्तकांत छापलेलें आढळतें. त्या स्पर्धेच्या अंतिम फेरींत हेच पांच जण होते, यांत शंका नाहीं. परंतु झारनें किताब दिल्याची गोष्ट त्या काळच्या वृत्तांतांत आढळत नाहीं, ती इ. स. १९४० च्या सुमारास अमेरिकेंत छापील रूपानें पुढें आली आणि इ. स. १९४२ च्या मार्शलच्या आत्मचरित्रामुळें रूढ झाली. घटनेनंतर पाव शतकानें, लाभार्थ्याच्याच बाजूनें आलेली व समकालीन कागदाचा आधार नसलेली हकीकत कशी मानावी, हें बखरींशीं झगडलेल्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. शिवाय हा शब्द त्यापूर्वींच वापरांत होता. इ. स. १९०७ मध्यें ओस्टेंड येथें ग्रँडमास्टरांची म्हणून एक वेगळी स्पर्धा भरली होती व तींत टाराश, श्लेख्टर, यानोव्स्की, मार्शल, बर्न आणि चिगोरिन हे सहा जण खेळले होते. तेव्हां इ. स. १९१४ पर्यंत ‘ग्रँडमास्टर’ हें लोकांनीं व स्पर्धा भरविणारांनीं दिलेलें नांव होतें. त्यामागें कोणतीहि सनद नव्हती.

सनद आली ती इ. स. १९५० मध्यें. आंतरराष्ट्रीय महासंघ, ज्यास त्याच्या फ्रेंच नांवाच्या आद्याक्षरांवरून ‘फिडे’ म्हणतात, तो इ. स. १९२४ च्या जुलैंत पॅरिस येथें स्थापन झाला. परंतु किताबांची रीतसर यादी त्यानें २६ वर्षांनीं प्रथम केली. त्या पहिल्या यादींत २७ ग्रँडमास्टर होते. बोट्विनिक, स्मिस्लोव्ह, केरेस, ब्रॉनस्टाइन, रेशेव्स्की, नायडॉर्फ, ऑयवे इत्यादि नांवें त्या वेळच्या खेळावरून घेतलेलीं होतीं. परंतु त्यांच्याच जोडीला मारोत्सी, मीझेस, दुरास, रुबिनस्टाइन, बर्नस्टाइन, टार्टाकोव्हर, ग्र्यूनफेल्ड, विदमार अशीं वृद्धांचीं नांवेंहि होतीं. मीझेस तेव्हां ८५ वर्षांचे होते. दुरास यांनीं इ. स. १९१४ नंतर मोठ्या स्पर्धांचा खेळ जवळजवळ सोडलाच होता, आणि रुबिनस्टाइन इ. स. १९३१ नंतर पटापासून दूर होते. म्हणजे मागील पराक्रमावरून, तो खेळाडू जिवंत असल्यास, किताब द्यावयाचा हें तत्त्व पहिल्याच यादींत मान्य झालें होतें. लास्कर (मृत्यु १९४१), कापाब्लांका (मृत्यु १९४२) व आलेखिन (मृत्यु १९४६) हे जगज्जेते त्या यादींत नाहींत, कारण तेव्हां ते हयात नव्हते.

ही यादी निर्दोष होती, असें कोणीं समजूं नये. बोगोल्युबोव्ह यांनीं दोन वेळां जगज्जेतेपदासाठीं सामना खेळला होता. तरी राजकीय कारणांवरून सोव्हिएत पक्षानें विरोध केल्यानें इ. स. १९५० मध्यें त्यांस किताब मिळाला नाहीं, तो पुढल्या वर्षीं मिळाला. एका वर्षांत त्यांचा खेळ सुधारला असें नव्हे. बदलली ती मतें. यावरून यादींत नांव नसणें म्हणजे योग्यता नसणें, असा अर्थ काढतां येत नाहीं.

पुढील काळांत फिडेनें मागील कामगिरीबद्दल गौरवार्थ किताब देण्याची वाट अधिक रुंद केली. त्या वाटेनें आलेल्यांत दोन निराळ्या जातींचे पुरुष आहेत. पहिल्या जातीचें उत्तम उदाहरण मेक्सिकोचे कार्लोस टोरे. ते इ. स. १९२५ मध्यें मॉस्कोच्या मोठ्या स्पर्धेंत खेळले, तेथें त्यांनीं लास्कर यांस हरविलें, आणि पुढल्याच वर्षीं मनाच्या आजारानें त्यांचा खेळ कायमचा थांबला. त्यांस इ. स. १९७७ मध्यें, मृत्यूच्या एक वर्ष आधीं, ग्रँडमास्टर हा किताब मिळाला. दुसऱ्या जातींत इंग्लंडचे हॅरी गोलोम्बेक (मानद ग्रँडमास्टर १९८५) व बेल्जममधून अमेरिकेस गेलेले जॉर्ज कोल्टानोव्स्की (१९८८) हे येतात. गोलोम्बेक यांनीं ब्रिटनचें अजिंक्यपद तीन वेळां जिंकलें होतें. परंतु त्यांची कीर्ति मुख्यतः लेखक व पंच म्हणून आहे. कोल्टानोव्स्की यांनीं इ. स. १९३७ मध्यें एडिंबरो येथें पट न पाहतां एकाच वेळीं ३४ जणांशीं खेळून २४ डाव जिंकले व १० बरोबरींत सोडविले. तो पराक्रम अचाट खराच. पण त्यांची सारी हयात खेळाचा प्रसार करण्यांत गेली. या दोघांविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. तथापि खेळाची सेवा व खेळांतील श्रेष्ठता या दोन गोष्टी एकाच नांवाखालीं आणल्यानें दोहोंचेंहि नुकसान होतें. सेवकाची सेवा झांकली जाते, आणि शिवाय ग्रँडमास्टर या शब्दाचा अर्थ पातळ होतो. उत्तम फडणीस व उत्तम सेनापति दोघेहि राज्यास हवेत. म्हणून फडणीसास सेनापतीचीं वस्त्रें देणें उचित होत नाहीं.

आतां सुलतानखान यांचा कागद तपासूं. त्यांचा जन्म पंजाबांतील मिठा टिवाना येथला. वडिलांकडून ते देशी पद्धतीचा खेळ शिकले. त्या पद्धतींत प्यादें पहिल्या चालीस दोन घरें जात नसे, युरोपीय तऱ्हेचा किल्लेकोट नसे, आणि शेवटच्या पट्टीस पोंचलेलें प्यादें सामान्यतः त्या घरच्या मोहऱ्याचें रूप घेई. सर उमर हयातखान टिवाना या जमीनदाराच्या आश्रयानें त्यांनीं युरोपीय नियम आत्मसात केले व इ. स. १९२८ मध्यें अखिल भारतीय स्पर्धा एकहि डाव न हरतां जिंकली. आठ डाव जिंकले, एक बरोबरींत सुटला. पुढल्या वर्षीं सर उमर यांच्याबरोबर ते लंडनास गेले. त्याच उन्हाळ्यांत रॅम्सगेट येथें त्यांनीं ब्रिटनचें अजिंक्यपद मिळविलें, आणि तेंच पद इ. स. १९३२ व १९३३ मध्यें पुन्हां जिंकलें. युरोपांत पाय ठेवून कांहीं महिनेहि झाले नव्हते, आणि सुरवातीच्या प्रकारांचीं पुस्तकें इतरांप्रमाणें त्यांच्या हाताखालून गेलेलीं नव्हतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे या यशाचें मोल कळतें.

अजिंक्यपदांपेक्षांहि प्रतिस्पर्ध्यांचीं नांवें अधिक बोलकीं आहेत. इ. स. १९३०–३१ च्या हेस्टिंग्सच्या स्पर्धेंत त्यांनीं माजी जगज्जेता कापाब्लांका यास ६५ चालींत हरविलें व ऑयवे आणि कापाब्लांका यांच्या मागें तिसरें स्थान घेतलें. इ. स. १९३१ मध्यें टार्टाकोव्हर यांच्याशीं झालेला बारा डावांचा सामना त्यांनीं साडेसहा विरुद्ध साडेपांच गुणांनीं जिंकला. त्याच वर्षीं प्राग येथील राष्ट्रांच्या स्पर्धेंत इंग्लंडच्या पहिल्या पटावर खेळून त्यांनीं १७ डावांत आठ जिंकले, सात बरोबरींत सोडविले व दोनच गमावले. त्यांत रुबिनस्टाइन व फ्लोर यांवर विजय मिळविला आणि आलेखिन, बोगोल्युबोव्ह व ग्र्यूनफेल्ड यांच्याशीं बरोबरी साधली. इ. स. १९३२ मध्यें फ्लोर यांच्याशीं सहा डावांचा सामना ते थोडक्यानें हरले. याच नोंदीशेजारीं इ. स. १९५० ची यादी ठेवून पाहावी. टार्टाकोव्हर, रुबिनस्टाइन, फ्लोर, ग्र्यूनफेल्ड व ऑयवे हीं पांचहि नांवें तींत आहेत. ज्यांच्या बरोबरीनें व ज्यांच्यावर मात करून सुलतानखान खेळले, ते ग्रँडमास्टर ठरले. सुलतानखान साधे आंतरराष्ट्रीय मास्टरहि ठरले नाहींत.

इ. स. १९३३ च्या अखेरीस ते आश्रयदात्याबरोबर स्वदेशीं परतले. इ. स. १९३५ मध्यें त्यांनीं खाडिलकर या मराठी खेळाडूशीं दहा डावांचा सामना खेळला व त्यांत एकच डाव बरोबरींत सोडून बाकीचे सर्व जिंकले. त्यानंतर मोठ्या खेळांत त्यांचें नांव दिसत नाहीं. इ. स. १९४४ मध्यें सर उमर वारले, इ. स. १९४७ मध्यें देशाचे दोन भाग झाले व सरगोधा पाकिस्तानांत गेलें. इ. स. १९५० मध्यें फिडेनें यादी केली, तेव्हां सुलतानखान पन्नाशीच्या आंतले होते व आपल्या शेतीवर राहत होते. अखिल भारतीय बुद्धिबळ संघाची स्थापनाच इ. स. १९५१ ची. ज्या इंग्लंडच्या पहिल्या पटावर ते तीन वेळां, म्हणजे हँबर्ग (१९३०), प्राग (१९३१) व फोकस्टन (१९३३) येथें बसले, त्या देशाचे ते रहिवासी राहिले नव्हते. तीन देशांशीं ज्याचा संबंध, त्याची बाजू त्या तिहींपैकीं एकानेंहि मांडली नाहीं. खेळ सिद्ध होता, पुरावा छापलेला होता. मात्र तो पुढें करणारा वकील नव्हता.

यावरून मानद किताबाच्या अधिकाराच्या तीन कसोट्या आम्ही सुचवितों. पहिली, त्या खेळाडूचा खेळ त्या किताबाच्या धारकांविरुद्ध सिद्ध झालेला असावा व त्याच्या नोंदी उपलब्ध असाव्यात. दुसरी, किताब न मिळण्याचें कारण पटाबाहेरचें असावें; उदाहरणार्थ आजार, युद्ध, दारिद्र्य, अंतर किंवा संस्थेची अनास्था. तिसरी, किताब देणारी व्यवस्था त्याच्या हयातींत अस्तित्वांत असूनहि तिनें त्यास वगळलेलें असावें. ही तिसरी कसोटी विशेषतः मृतांसाठीं आहे. लास्कर किंवा कापाब्लांका यांस आज मानद किताब देणें निरर्थक होय. त्यांच्या हयातींत यादीच नव्हती, म्हणून त्यांच्यावर अन्यायहि झाला नाहीं. इ. स. १९४४ मध्यें लंडनवरील हल्ल्यांत मृत्यु पावलेल्या वेरा मेन्चिक यांचीहि गोष्ट तीच. सुलतानखान यांची गोष्ट निराळी आहे. यादी झाल्यावर ते सोळा वर्षें जिवंत होते. म्हणून इ. स. २०२४ चें कृत्य आम्ही दान न मानतां दुरुस्ती मानतों. चुकलेल्या फर्दींत राहून गेलेली ओळ मागाहून भरावी, तशी.

यावर एक आक्षेप येईल. पांच वर्षांची कारकीर्द किताबास पुरेशी काय? टोरे यांची कारकीर्द याहूनहि अल्प होती, हें एक उत्तर. दुसरें असें कीं, श्रेष्ठतेचें माप खेळाच्या उंचीनें घ्यावें, लांबीनें नव्हे. दुसरा आक्षेप आमचाच आहे. रुबिनस्टाइन व दुरास यांस इ. स. १९५० मध्यें मागील कामगिरीवरून मिळाला तो नुसता ‘ग्रँडमास्टर’ हा किताब. सुलतानखान यांस त्याच प्रकारच्या कामगिरीवरून मिळाला तो ‘मानद’. उशीर संस्थेचा, आणि त्याची खूण मात्र खेळाडूच्या नांवामागें. हें विशेषण गाळलें असतें तर दुरुस्ती पूर्ण झाली असती, असें आमचें मत आहे.

कागदाचें महत्त्व आणखी एका अर्थानें येथें दिसतें. सुलतानखान हे निरक्षर चाकर होते, ही कथा इंग्रजी लेखनांत पिढ्यानुपिढ्या चालत आली. त्यांच्या वंशजांनीं अलीकडे तिला स्पष्ट हरकत घेतली असून, ते जमीनदार व धार्मिक प्रतिष्ठेच्या घराण्यांतले व साक्षर होते, असें सांगितलें आहे. झारच्या किताबाची गोष्ट जशी पुनरुक्तीनें खरी झाली, तशीच ही. परंतु त्यांचे डाव मात्र कोणासहि बदलतां आले नाहींत, कारण ते चालीबरहुकूम लिहून ठेविलेले होते. किताब देवविला तो शेवटीं या नोंदींनीं.

आपल्याकडील स्थिति पाहिली म्हणजे या शेवटल्या मुद्द्याचें दुःख अधिक वाटतें. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासां’त बाराव्या शतकांत या खेळाचें वर्णन आहे. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यांतील नीलकंठ याच्या ‘नीतिमयूखां’त सतराव्या शतकांत त्याचे नियम आले आहेत. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयानें त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनीं ‘विलासमणिमंजरी’ रचिली, व तिचें इंग्रजी रूपांतर इ. स. १८१४ मध्यें मुंबईस छापून निघालें. परंतु या ग्रंथांत नियम आहेत, वर्णन आहे, निवडक स्थिति आहेत. कोणी कोणाशीं खेळलेला सबंध डाव त्यांचा विषय नव्हे. प्यादेमात करणाऱ्या खेळाडूची वाहवा पुष्कळ झाली असेल, पण वाहवेवरून योग्यता ठरत नाहीं. एखाद्या पूर्वजाची कीर्ति घराण्यांत कितीहि गात असले, तरी डावाचा कागद नसेल तर आमच्या पहिल्या कसोटीस ती उतरणार नाहीं. हा निकाल कठोर आहे. पण अल्-अद्लीपासून सुलतानखानापर्यंत सर्वांस तोच लावला पाहिजे.

म्हणून आमच्या संग्राहक वाचकांस एक विनंति आहे. जुन्या बाडांत, रोजकीर्दींच्या पाठकोऱ्या पानांवर, पत्रांच्या समासांत मोहऱ्यांचीं नांवें व घरांचे आंकडे दिसल्यास तो कागद करमणुकीचा समजून बाजूस टाकूं नये. कोण, कोणाशीं, केव्हां व कोठें खेळलें, एवढें त्यावर असेल तर तो कागद सनदेच्या तोलाचा होय. सुलतानखान यांस सरगोध्याच्या शेतावर कोणी किताब नेऊन दिला नाहीं. पण प्राग व हेस्टिंग्स येथें कोणी अज्ञात लेखनिकानें त्यांच्या चाली लिहून ठेविल्या, म्हणून ५८ वर्षांनीं कां होईना, त्यांची बाजू मांडतां आली. ज्यांच्या चाली कोणीं लिहिल्याच नाहींत, त्यांच्यासाठीं मानद किताबहि शिल्लक राहत नाहीं. असो.